ग्रहाच्या फोटोतलं ते काळं वर्तुळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दूरच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवरचा लेख वाचला, छान वाटलं, पण सोबतचं रंगीत चित्र खरा फोटो नव्हता, चित्रकाराने कल्पनेने काढलेलं होतं आणि खाली तसं कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या आठवीतल्या भाच्याने ते फोटो समजून वहीत चिकटवलं. मग मी त्याला मोबाईलवर खरा दाखवला, एचआर ८७९९ ताऱ्याचा, अंतराळातल्या जेम्स वेब टेलिस्कोपचा, मार्च २०२५ मध्ये आलेला. चार ठिपके, म्हणजे त्याचे चार ग्रह, आणि मधोमध काळं वर्तुळ. म्हणे, मामा हा तर बिघडलाय!

अहो, सगळी कमाल त्या काळ्यातच आहे. ताऱ्याच्या झगमगाटात ग्रह दिसतच नाही, म्हणून तारा झाकायचा, ते काम कोरोनाग्राफचं. नुसतं मधे काही आडवं धरून भागत नाही, कडेने उजेड वळून आत शिरतोच. १९३० च्या सुमाराला फ्रान्सच्या बर्नार लिओने ग्रहण नसताना सूर्याचा कोरोना, म्हणजे त्याच्याभोवतीचं फिकं तेजोवलय, बघायला हे यंत्र केलं, तेव्हा त्याने मागे आणखी एक पडदा बसवला, तो हा वळलेला उजेड अडवतो. २२ जुलै २००९ ला इंदुरात खग्रास सूर्यग्रहण होतं, आम्ही पहाटेपासून गच्चीवर, आणि ढगांमुळे कोरोना काही दिसला नाही, नुसता अंधार पडला, ती हळहळ अजून आहे. आज सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य एल-१ यानावरही कोरोनाग्राफ आहे.

वेबचा हा फोटो इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या उजेडात घेतलाय. आता इन्फ्रारेडच का? साध्या उजेडात आपला गुरूसुद्धा सूर्यापुढे साधारण अब्जपट फिका. पण हे चार ग्रह जेमतेम ३ कोटी वर्षांचे, जन्माची ऊब अजून अंगात आहे, त्या उष्णतेनेच ते चमकतात, त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये ताऱ्याशी असलेला फरक खूप कमी होतो. मात्र या उजेडाची लाट लांब असल्याने चित्र पसरतं, म्हणून आरसा मोठा लागतो, वेबचा साडेसहा मीटर, हवाईतल्या केक दुर्बिणींचे तर १० मीटरचे, आणि जमिनीवर हवेची थरथर घालवायला एक छोटा आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवावा लागतो, तेव्हा कुठे एक ठिपका हाती येतो.

एवढ्या मेहनतीचा ठिपका मुलांना दिसायलाच हवा ना? काल्पनिक चित्र जरूर छापा, पण खाली तसं लिहा आणि शेजारी तो काळ्या वर्तुळाचा खरा फोटो द्या, लहान का असेना.

– एक नियमित वाचक, राजेंद्र नगर, इंदूर