पुरणयंत्र आणि सफरचंद

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
१२ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

हे पत्र हाताने लिहून त्याचे फोटो पाठवतेय. बाबा, बोटांनी मोठं करून वाचता येईल तुम्हांला, आणि मुख्य म्हणजे मध्येच "बरं, आईकडे देतो" म्हणून फोन सरकवता येणार नाही.

मला कळलंय. खालचे सगळे दात काढले, हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी मिळणार नाही, आणि तोवर तुमचं पेज, मऊ भात आणि दुधात कुस्करलेली भाकरी चाललीय. आईवर चिडू नका, तिने आपणहून काही सांगितलं नाही. तीन रविवार तुम्ही व्हिडिओवर तोंडाशी रुमाल धरून बोलताय. सर्दी तीन आठवडे टिकत नाही, बाबा. चौथ्या रविवारी मी आईला सरळच विचारलं, तेव्हा ती स्वयंपाकघराचं दार लोटून बोलली. तेव्हाच म्हणाली, "ताकद यावी म्हणून सफरचंदं आणली, पण किसून दिलं तर बशी पुढ्यात येईपर्यंत तपकिरी पडतं. मग हे नुसतं बघतात आणि बाजूला ठेवतात."

तर बाबा, तुम्ही आता हे पान आईकडे द्या. नंतर परत घ्या, तुमच्या कामाचंही आहे पुढे.

आई, तुला ॲपलसॉस करायला शिकवते. नाव सॉस असलं तरी बाटलीतल्या लाल टोमॅटो सॉसशी त्याचं काही नातं नाही. सफरचंद थोड्या पाण्यात शिजवून गाळलेला गर, बस. इथे तान्ह्या बाळांना भरवतात, पोट बिघडलेल्यांना देतात, दात काढून आलेल्यांना तर हमखास. धडधाकट माणसं तो पोर्कबरोबर खातात, आणि ज्यू लोक हनुक्काच्या सणाला बटाट्याच्या किसाच्या तळलेल्या टिक्क्यांबरोबर. आपल्या साखरांब्याशी तुलना करू नकोस, यात पाक नाही. शिजवल्यामुळे पुढे काळंही पडत नाही. चिरलेल्या सफरचंदातलं एक द्रव्य हवा लागली की त्याला तपकिरी करतं, उकळीला त्या द्रव्याचा जोर संपतो.

मी हे शिकले शेजारच्या आजींकडून. आमच्या घरापासून पाऊण तासावर लेक ऑन्टारिओच्या काठाने सफरचंदांच्या बागाच बागा आहेत. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. वसंतात त्याचं पाणी गार असतं, त्यामुळे काठावरची झाडं फुलायची घाई करत नाहीत आणि उशिरा पडलेल्या थंडीत मोहोर जळत नाही. सप्टेंबरपासून लोक तिथे पिशव्या घेऊन जातात आणि स्वतः फळं तोडतात. पिशवीचं माप म्हणजे पेक, साधारण ५ किलो. पहिल्या वर्षी आजींबरोबर गेले आणि दोन पेक भरून आणले. हातच थांबेना माझा. आपल्याकडे सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं फळ. बाबा खिशातल्या चाकूने एकाच्या आठ फोडी करायचे, ज्याला ताप त्याला दोन जास्त. दादाने एकदा थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला होता, तो कशासाठी, हे तुम्हांला आता सांगायला हरकत नाही.

१० किलो सफरचंदं घेऊन मी ओट्यापाशी उभी. आजींनी त्यांचं फूड मिल आणलं. खाली जाळीची चकती, वर दांडा, दांड्याला तिरपं पातं. फिरवलं की शिजलेला गर खाली आणि सालं वर. मी बघतच राहिले, कारण हे तर पुरणयंत्र! तेच, जे तू ११ वर्षांपूर्वी माझ्या बॅगेत साड्यांच्या घडीत घातलं होतंस आणि मी विमानतळावर वजन भरलं तेव्हा तुझ्यावर ओरडले होते, "तिथे कोण पुरणपोळ्या लाटत बसणारे?" बाबांनी स्वतःच्या पिशवीतले माझ्यासाठी आणलेले लाडू परत नेले, पण यंत्र राहू दिलं. तेच मी आता माळ्यावरून काढलं, धुतलं आणि आजींच्या यंत्राशेजारी ठेवलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आईला सफरचंदं आवडत असतील फार. मी हो म्हणून टाकलं.

आता कृती. १ किलो सफरचंदं घे. स्वच्छ धू, वर मेण लावलेलं असेल तर कोमट पाण्यात चोळून. चार फोडी करून मधला बियांचा भाग काढ. साल मी तशीच ठेवते, तिचा रंग गरात उतरतो आणि लाल सालीच्या सफरचंदाचा सॉस फिकट गुलाबी होतो. जाड बुडाच्या पातेल्यात फोडी, अर्धी वाटी पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. झाकण ठेवून मंद आचेवर. पाणी कमी वाटेल, पण वाढवू नकोस. सफरचंदालाच इतकं पाणी सुटतं की दहा मिनिटांनी तुला वाटेल, जास्तच झालं. पंधरा-वीस मिनिटांत फोडी पळीने दाबल्या की विरघळल्या पाहिजेत.

आणि कुकरला लावू नकोस. तू लावणार, मला माहीत आहे. सफरचंदाचा गर फेसाळतो आणि वाफेच्या भोकात अडकून बसतो, म्हणून इथे कुकरबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये ॲपलसॉसचं नाव घेऊन मनाई असते. "मी डब्यात ठेवून झाकण लावीन" म्हणशील. तरी नको. डब्यात पाणी आटत नाही आणि हाती येतं ते सफरचंदाचं कढण.

आता गाळायच्या आधी एक महत्त्वाचं. तू म्हणशील, यंत्र आहेच. आई, घरात उरलंय ते आपल्या आजीचं पितळी. त्याची कल्हई कधीच गेलीय. सफरचंद आंबट, वर लिंबू, त्यात कळकेल सगळं. हे लिहिताना लक्षात आलं की घरात दोनच यंत्रं होती आणि त्यातलं स्टीलचं, नवं, तू मला दिलंस. म्हणजे गेली ११ वर्षं तू होळीला चाळणीवर वाटी घासत पुरण काढतेयस? की पितळीत घालून लगेच काढून घेतेस? मला एकदाही बोलली नाहीस. असो. स्टीलच्या चाळणीवर वाटीने घास, सालं वर राहतील. चाळण बारीक असू दे, बाबांच्या हिरड्यांना सालीचा कण टोचायला नको. या वेळी येताना तुला स्टीलचं दुसरं घेऊन देते. माझं आता परत मागू नकोस.

गाळलेला गर परत पातेल्यात घालून पाच मिनिटं आटव. इथे सावध. पुरण आटताना फटफट उडतं ना, तसाच हाही उडतो, आणि अंगावर पडला की चिकटून भाजतो. लांब दांड्याचा पळा घे. पुरणात उलथनं उभं राहिलं की झालं, पण याला ती परीक्षा लावू नकोस, दगड होईल. बशीत चमचाभर टाक, कडेने पाण्याचं कडं सुटलं नाही की उतरव.

साखर अजिबात नको. बाबांची साखर काठावर आहे आणि सफरचंदात स्वतःची आहेच, म्हणून एका वेळी अर्धी वाटी, त्याहून जास्त नाही. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर. आजी मात्र झाकणाच्या बरण्या भरून उकळत्या पाण्यात १५ मिनिटं ठेवतात आणि वर्षभर फळीवर रांग लावतात. तू त्या भानगडीत पडू नकोस, थोडं थोडं कर.

आता पान बाबांकडे.

बाबा, कोणतं सफरचंद, हा प्रश्न तुमचा. इथे सॉससाठी मॅकिन्टॉश घेतात. आंबटगोड, मऊ, आणि शिजलं की आपसूक विरतं. हिरव्या ग्रॅनी स्मिथच्या फोडी मात्र हट्टाने आकार धरून राहतात. मॅकिन्टॉशची गोष्ट तुम्हांला आवडेल. १८११ साली कॅनडात, ऑन्टारिओमध्ये, जॉन मॅकिन्टॉश नावाच्या शेतकऱ्याला रान साफ करताना सफरचंदाची रोपटी सापडली. त्यांतल्या एकाची फळं अशी निघाली की आज जगात मॅकिन्टॉशचं जे जे झाड आहे, ते त्या एका झाडाचं कलम, नाहीतर कलमाचं कलम. बी लावून उपयोग नाही. रायवळ आंब्याची कोय लावावी तसं, काय निघेल सांगता येत नाही. मागच्या अंगणातल्या कलमाला तुम्ही सुतळी आणि प्लास्टिक गुंडाळून दोन महिने कुणाला हात लावू दिला नव्हता, ते मला बागेत आठवलं. इथून तासाभरावर जिनिव्हा गावात शेती संशोधन केंद्र आहे, त्यांनी मॅकिन्टॉश आणि रेड डिलिशसच्या संकरातून एम्पायर काढलं, १९६६ साली. तेही सॉसला चालतं, जरा गोड होतं.

तुमच्या मंडईत मॅकिन्टॉश मिळणार नाही. हिमाचलचं किंवा काश्मीरचं डिलिशस मिळेल. ते गोड, आंबटपणा कमी, म्हणून वर लिंबू सांगितलं. पिवळं गोल्डन दिसलं तर दोन्ही अर्धं अर्धं घ्या. आणि पिठूळ निघालं म्हणून परत करायला जाऊ नका. चावून खायला जे वाईट, ते शिजायला उत्तम. भाजीवाल्याशी तुमचं पिठूळ सफरचंदांवरून जुनं भांडण आहे. या वेळी तीच मागून घ्या आणि भाव पाडा.

त्या डिलिशसचंही मूळ इकडचंच. सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांची सेवा करायला सिमल्याकडे आला आणि तिकडचाच झाला. १९१६ च्या सुमाराला त्याने अमेरिकेतून डिलिशसची रोपं आणून हिमाचलातल्या कोटगढला लावली. पुढे स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेला, सत्यानंद नाव घेतलं. म्हणजे तुम्ही आम्हांला चाकूने चिरून घातलेल्या फोडी या कुळातल्या. मी इकडे आले, ती तिकडे गेली.

बाबा, रविवारी फोन कराल तेव्हा रुमाल नको. इथे आजी कवळी काढून पेल्यात ठेवून माझ्याशी गप्पा मारतात, आणि मधूनमधून पेल्याकडे बोट दाखवून कवळीलाही गप्पांत ओढतात. मला सवय आहे.

दादाला आणि वहिनीला सांगा, बाळाला सॉसची पहिली वाटी द्यायला हरकत नाही, पण बाबांच्या वाटीतली नको.

तुमची,
मनू

ता. क. आई, शेवटी चिमूटभर दालचिनी घालतात इथे. बाबांना आधी विचार. ते "काहीही चालेल" म्हणतील. मग वेलची घाल.