गेमचं बटण अंगठ्याला सापडू द्या

संपादक महोदय,

ब्राउझरमधे खेळायचे गेम मी बरेच वर्षं डिझाइन करतोय, म्हणून फोनवर गेमच्या बटणांचे हाल बघून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. फ्लॅशच्या (ब्राउझरमधे गेम चालवायचं जुनं सॉफ्टवेअर) काळात गेमची चौकट ठरलेली असायची, कोपऱ्यात स्कोअर टाकला की तो तिथेच राहायचा. 2020 च्या शेवटी फ्लॅशचा सपोर्ट बंद झाला, आता तोच गेम मोठ्या मॉनिटरवर पण उघडतो आणि हातातल्या फोनवर पण, तरी बरेच जण अजून एकाच मापाचं चित्र काढतात आणि मग ते फोनवर नुसतं आक्रसून टाकतात. बटणं एवढीशी होतात, अंगठा भलतीकडेच पडतो. वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या (वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी यासाठीच्या) नियमात बटण किमान 24 बाय 24 पिक्सेल सांगितलंय, मला तर तेही कमीच वाटतं.

रंगांचं पण तेच. लाल म्हणजे शत्रू, हिरवा म्हणजे मित्र, पण ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांनी काय करायचं? शत्रूला टोकदार आकार द्या, मित्राला गोल, काम झालं.

आणि देवनागरी! इंग्रजीच्या मापाने बटण बनवतात, मग ‘पुन्हा खेळू’ मधले उकार खालून कापले जातात, ‘सुरू’चं नुसतं ‘सरू’ दिसतं. अहो ओळीची उंची थोडी वाढवा ना, सीएसएसमधली (वेबपानाची मांडणी ठरवणारा कोड) एक ओळ आहे ती. आधी अक्षरं टाकून बघा, मग बटण काढा.

– एक गेम डिझायनर