नळी कोणाच्या हातात होती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील काचकामावर पानभर लेख आला. या विषयाला मराठीत एवढी जागा क्वचित मिळते, त्याबद्दल मनापासून आभार. पण म्हणूनच त्यातली चूक जास्त खुपली. जपानी काचकलावंत योइची ओहिरा यांच्या फुलदाणीच्या छायाचित्राखाली ‘ओहिरा यांनी फुंकलेली’ असे छापले आहे. ओहिरा स्वतः फुंकत नसत. आकार, रंग, तुकड्यांची मांडणी त्यांची. फुंकायची नळी बहुतेक कामांत असे लिव्हिओ सेरेना यांच्या हातात, आणि काच थंड झाल्यानंतरचे घासकाम जाकोमो बार्बिनी यांचे. हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. ओहिरांच्या कितीतरी फुलदाण्यांच्या बुडावर त्यांच्या सहीबरोबर ‘मायेस्त्रो’ (उस्ताद कारागीर) या शब्दाचे आद्याक्षर, सेरेनांचे नाव आणि तारीख कोरलेली आहे. कलावंताने ज्याचे नाव काचेत कोरून ठेवले, त्यालाच आपण वगळलेत.

नावाचा हा आग्रह कशासाठी, ते कामाची रीत पाहिली की कळते. लेखात ती एका वाक्यात उरकली आहे. रंगीत काचेच्या सळ्यांचे लहान तुकडे कापून उष्णता सोसणाऱ्या पाटीवर एकमेकांना लागून मांडतात. पाटी सावकाश तापवायची. घाई केली की तुकडे तडकतात. तुकडे जुळून सलग पत्रा झाला, की मायेस्त्रो नळीच्या टोकाला तापलेल्या काचेची गोल कड तयार करतो आणि ती पत्र्याच्या काठावरून लोळवत नेतो. पत्रा तिच्याभोवती गुंडाळला जाऊन त्याचे नळकांडे होते. पत्रा २५ सेंटीमीटर लांब असेल, तर कडेचा व्यास ८ सेंटीमीटरच्या आसपासच हवा. तो अर्धा सेंटीमीटर कमी भरला तर पत्र्याची टोके दीड सेंटीमीटर एकमेकांवर चढतात. तेवढाच जास्त झाला तर तितकीच फट राहते. हे माप साधायचे ते काच निवत असताना, नळी हातात सतत फिरत असताना. मग सांधा चिमट्याने मिटवायचा, खालचे तोंड आवळून बंद करायचे, आणि त्यानंतर फुंकायचे.

फुंकताना पाटीवरची नक्षी तशीच राहत नाही. पोटाशी तुकडे ताणले जाऊन रुंदावतात, मानेशी लांबट होतात. शिवाय सगळे रंग सारख्या वेगाने मऊ पडत नाहीत. एक तुकडा पातळ होत जातो, शेजारचा ताठ राहतो आणि भिंत जाडपातळ होते. ओहिरा अपारदर्शक तुकड्यांमध्ये पारदर्शक ‘खिडक्या’ सोडत. तिथे हा फरक लगेच डोळ्यांत भरतो. सेरेना कुठे जास्त ताप देणार, कुठली बाजू थोपवून धरणार, हे मनात धरूनच पाटीवर तुकडे मांडावे लागत. माणूस बदलला की मांडणीही बदलावी लागणार. मग रेखाटन एकाचे आणि ‘अंमलबजावणी’ दुसऱ्याची, अशी वाटणी कुठे करायची?

बार्बिनींचे काम तर लेखात आलेलेच नाही. भांडे सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून हळूहळू थंड करतात. काच जितकी जाड, तितका वेळ जास्त. तिथे घाई झाली तर काचेच्या पोटात ताण राहतो. वरून काही दिसत नाही, पण घासचाक टेकताच भांडे फुटते. चाकावर पाण्याची धार सतत हवी, नाहीतर घासलेली जागा तापून तडा जातो. सगळ्यांची मेहनत पणाला लागलेली असताना शेवटचा हात त्यांचा.

हीच गोष्ट मुरानोच्या वेनीनी कारखान्यावरच्या परिच्छेदाची. रेखाटने करणारे कार्लो स्कार्पा आणि फुल्व्हिओ बियांकोनी यांची नावे आहेत, ती हवीतच. पण त्यांच्या कल्पना भट्टीपुढे बसून काचेत उतरवणारे आर्तुरो बियासुत्तो, ज्यांना सारे ‘बोबोली’ म्हणत, ते कुठेच नाहीत. आणि पाओलो वेनीनी व बियांकोनी यांची १९४८-४९ च्या सुमाराची ती प्रसिद्ध रुमालाच्या आकाराची फुलदाणी ‘साच्यात ओतून’ होत नाही. फुगा फुंकून दुसऱ्या, लोखंडी सळीवर घेतात, तोंड उघडून पसरट करतात, पुन्हा तापवून सळी खाली वळवतात. काच स्वतःच्या वजनाने लोंबते आणि चुण्या पडतात. काच फार तापली तर चुण्या एकमेकींना चिकटतात, कमी तापली तर पडतच नाहीत. इंग्लंडच्या चान्स ब्रदर्सने पुढे काढलेले रुमाल सपाट काच तापवून वाकवलेले होते. लेखकाचा घोटाळा तिथे झाला असावा.

फिनलंडचे रचनाकार तापिओ विर्काला यांच्या १९६६ च्या ‘बोल्ले’ बाटल्यांचा नुसता उल्लेख आहे. दोन वेगळ्या रंगांचे फुगे, दोन नळ्यांवर, एकाच वेळी तयार ठेवून त्यांची उघडी तोंडे गरम असतानाच जोडायची, ही तिथली रीत. तोंडांच्या व्यासात थोडा फरक पडला तरी सांध्याला पायरी येते. दोन्ही काचांचे प्रसरण जुळत नसेल तर सांधा थंड होताना तडकतो, कधी बऱ्याच दिवसांनी. हे एकट्याने होत नाही, एवढे तरी वाचकांना सांगायला हवे होते.

जागा नव्हती, हे कारण पटणारे नाही. त्याच चौकटीत लिलावातली किंमत ठळक अक्षरांत छापली आहे. उलट एकाही छायाचित्राखाली उंची नाही, साल नाही. वीतभर उंचीची वस्तू आणि हातभर उंचीची वस्तू पानावर सारख्याच दिसतात, आणि वजन वाढले की नळीवरचे काम किती अवघड होते हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही. पुरवणीतल्या इतर कलाविषयक पानांवरही हे नेहमी होते.

दुरुस्ती छापावी, आणि तीत सेरेना, बार्बिनी आणि बियासुत्तो ही तिन्ही नावे यावीत, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे