टिम व्हॅन गेल्डर सरांना, सशाबद्दल आणि हातांबद्दल

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. पण आभार नेमके कशाचे, हे सांगायला उदाहरणं मराठीच लागतात, आणि ज्यांनी हे करून बघावं असं वाटतं ते वाचकही मराठीच आहेत. तुमच्या नावाने लिहिलेलं पत्र त्यांनी वाचलं तरी काम झालं.

मेलबर्न विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवताना तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी आधी ‘रीझनेबल’ आणि मग ‘रॅशनाल’ ही युक्तिवादाचे नकाशे काढायची सॉफ्टवेअर्स केली: वर निष्कर्ष, खाली त्याची कारणं आणि आक्षेप. युक्तिवादाचं चित्र काढायची कल्पना तेव्हाही जुनीच होती. अमेरिकेतले कायद्याचे अभ्यासक जॉन हेन्री विगमोर 1913 मध्येच खटल्यातल्या पुराव्यांचे तक्ते मांडत होते. पण त्या तक्त्यांत नुसती चिन्हं आणि आकडे. सातव्या आकड्याचा अर्थ काय, हे बघायला वेगळ्या यादीत बोट फिरवायचं. तुम्ही पूर्ण वाक्यच चौकटीत बसवलं. कारण हिरवं, आक्षेप लाल, आक्षेपावरचं उत्तर नारिंगी. चौकट उचलून दुसरीकडे ठेवली की तिच्याखालची सगळी फांदी सोबत जाते. कागदावर तिसऱ्यांदा नकाशा काढायचा कंटाळा येतो, आणि युक्तिवाद जागेवर बसतो तो बहुधा तिसऱ्याच खेपेला. एवढ्यासाठीही आभार मानले असते. पण खरे आभार आहेत ते सॉफ्टवेअरसोबत तुम्ही जे दोन नियम शिकवलेत त्यांचे.

पहिला सशाचा. जादूगार रिकाम्या टोपीतून ससा काढतो, तसा निष्कर्ष काढायचा नाही. निष्कर्षातला प्रत्येक महत्त्वाचा शब्द खालच्या आधारविधानांपैकी, म्हणजे त्याला आधार देणाऱ्या वाक्यांपैकी, कशात तरी आलेला हवा. दुसरा हात धरण्याचा: एखाद्या आधारविधानातला शब्द निष्कर्षात नसेल, तर त्याने त्याच कारणातल्या दुसऱ्या आधारविधानाचा हात धरलेला हवा. कुणी एकटं लोंबकळत राहता कामा नये.

हे आपल्याकडच्या वाचकाला पटकन कळतं, कारण न्यायशास्त्रातला, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातला, डोंगर त्याने कुठेतरी ऐकलेला असतो. ‘डोंगरावर आग आहे, कारण डोंगरावर धूर आहे.’ निष्कर्षातली ‘आग’ खाली कुठेच नाही: ससा. कारणातला ‘धूर’ वर नाही: लोंबकळणारा हात. दोघांना सांधणारं वाक्य म्हणजे ‘जिथे धूर असतो तिथे आग असते’. न्यायशास्त्र ज्याला व्याप्ती म्हणतं, ती तुमचे दोन नियम शब्द मोजून शोधून देतात.

मात्र इथेच नियमांची हद्दही दिसते. घाईत कुणी ‘जिथे आग असते तिथे धूर असतो’ असं लिहिलं, तरी दोन्ही नियम पाळलेच जातात. ससा नाही, सगळ्यांचे हात धरलेले. तरीही वाक्य उलटं आहे आणि युक्तिवाद कोसळलेला आहे. लाल तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते आणि धूर नसतो, हे नैयायिकांचंच उदाहरण. नियम सांगतात की काहीतरी राहिलंय. जे भरलं ते सुलट आहे की उलट, हे माणसानेच बघायचं. ‘नियम लागले, झालं’ म्हणणाऱ्याच्या नकाशात ही चूक हमखास सापडते.

आता सोसायटीच्या सभेत चालेल असं उदाहरण. निष्कर्ष: ‘सोसायटीच्या आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घालू नये.’ खाली हिरव्या चौकटीत: ‘सोसायटीच्या आवारात भटक्या कुत्र्यांना खायला घातल्याने तिथे त्यांची संख्या वाढते.’ बहुतेकांचा नकाशा इथे संपतो. नियम लावा. निष्कर्षातलं ‘नये’ खाली कुठेय? नाही. ‘संख्या वाढते’ वर कुठेय? तेही नाही. म्हणजे तिसरं वाक्य कुणीतरी मनातच ठेवलंय: ‘ज्या कृतीने आवारातल्या भटक्या कुत्र्यांची संख्या वाढते, ती कृती करू नये.’ हे पहिल्या कारणाच्या शेजारी, त्याच हिरव्या पट्टीत जातं. वेगळं कारण म्हणून नाही, कारण यातलं एक खोटं ठरलं तर दुसरं एकट्याने काहीच पेलू शकत नाही. एक काढल्यावर दुसरं उभं राहतं का, ही कसोटी प्रत्येक जोडीला लावायची. राहत असेल तर पट्ट्या दोन, नसेल तर एक.

मनातलं वाक्य कागदावर आल्यावर भांडण कुठे आहे ते कळतं. ‘उघड्या कचऱ्यामुळेही कुत्री येतात’ हा सभेतला आवडता आक्षेप नवशिके पहिल्या चौकटीखाली लाल करून टाकतात. तो तिथे लागूच होत नाही. कचऱ्याने संख्या वाढते म्हणून खायला घातल्याने ती वाढत नाही, असं ठरत नाही. ‘ठरलेल्या जागी खायला घातलं की कुत्री पकडून नसबंदी करणं सोपं जातं आणि पुढे संख्या वाढत नाही’ हा मात्र पहिल्या चौकटीला थेट भिडतो. आणि ‘2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे खाऊ घालण्याची सोय रहिवासी संघाने करायची आहे’ हा आक्षेप ना पहिल्या चौकटीचा ना दुसऱ्या. तो सरळ निष्कर्षाखाली जातो. त्यालाही जोडीदार लागतोच: ‘ज्याची सोय करायला नियम सांगतात, ते करू नये असं सोसायटीने ठरवू नये.’ लाल चौकटीला नियमातून सूट नाही, हे लोक फार सोयीस्करपणे विसरतात.

तुमची उदाहरणं इंग्रजी आहेत, तेव्हा मराठीत हे करताना कुठे ठेच लागते तेही कळवतो.

पहिली अडचण शाळेने लावलेल्या वळणाची. निबंधात तोच शब्द परत आला की लाल रेघ, म्हणून मुलं एका चौकटीत ‘कुत्री’, दुसरीत ‘श्वान’, तिसरीत ‘मुके प्राणी’ लिहितात. नकाशात हात सुटतात. इथे पुनरुक्ती हवीच. उलट ‘घालू’ आणि ‘घातल्याने’, ‘कुत्री’ आणि ‘कुत्र्यांना’ अशी रूपं बदलली म्हणून कुणी हात सुटला समजू नये. धातू आणि अर्थ बघायचा. याहून अवघड आहे शब्द तोच आणि अर्थ दोन. एका चौकटीतला ‘हक्क’ कायद्यातला, शेजारचा नुसता नैतिक. हात धरलेला दिसतो, पण तो भलत्याच माणसाचा असतो.

दुसरी, ‘त्यामुळे ते तसं होतं’ अशी वाक्यं. बोलताना आपल्याला कर्ता गाळायची सवय. चौकटीतलं वाक्य मात्र फाडून दुसऱ्याच्या हातात दिलं तरी पूर्ण कळायला हवं. ‘ते’, ‘असं’, ‘वरील’ यांच्या जागी नाव लिहायचं. चौकटीत ‘आरोग्य’ किंवा ‘खर्च’ असा एकच शब्द असेल तर तो माइंड मॅप झाला, म्हणजे नुसत्या विषयांची जोडाजोड. ‘खर्च’ खरा की खोटा, हे विचारताच येत नाही.

तिसरी, ‘च’ आणि ‘ही’. ‘खायला घातल्यानेच कुत्री वाढतात’ या एका ‘च’मुळे कचऱ्याचा तो आक्षेप अचानक बरोबर जागी बसतो, कारण आता दावा ‘दुसरं कारणच नाही’ असा आहे. एका अक्षराने ओझं दुप्पट होतं. ‘शेजारच्या सोसायटीतही बंदी आहे’ मधला ‘ही’ पोटात ‘शेजारचे करतात ते आपणही करावं’ हे आख्खं वाक्य घेऊन येतो. ते बाहेर काढलं की बहुधा बोलणाराच ओशाळतो.

चौथी अडचण ‘कारण’ या शब्दाचीच. ‘रात्री पाऊस झाला असणार, कारण अंगण ओलं आहे’ हा युक्तिवाद. ‘अंगण ओलं आहे, कारण रात्री पाऊस झाला’ हा खुलासा. अंगण ओलं आहे याबद्दल कुणाला शंकाच नाही. खुलाशाचा नकाशा काढत बसलं की हिरव्या चौकटी भराभर वाढतात आणि सिद्ध काहीच होत नाही. कसोटी सोपी आहे: वरचं वाक्य ऐकणाऱ्याला आधीच मान्य आहे का? मान्य असेल तर थांबा.

साधनांबद्दल थोडक्यात. रॅशनालला पैसे पडतात, पण त्यात फांदीच्या टोकाला तज्ज्ञाचं मत, आकडेवारी, कायदा, समजूत अशी खूण लावता येते आणि आधार कशावर टेकलाय ते दिसतं. माइंडमप ब्राउझरमध्ये फुकट चालतं आणि सुरुवातीला पुरतं. आर्गडाउनमध्ये नुसता मजकूर लिहायचा, आधाराला अधिक आणि विरोधाला वजा. लिहायची सवय असलेल्यांना ते सोपं जातं. किआलोवर चर्चा छान रंगते, पण तिथे बाजूचं आणि विरोधाचं अशा दोनच रांगा. दोन आधारविधानं एका पट्टीत बांधता येत नाहीत, त्यामुळे मनातलं वाक्य मनातच राहतं. सशासाठी ते साधन नाही.

सरावासाठी वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं उत्तम. 80 ते 150 शब्दांचं पत्र घ्यायचं, त्यातला निष्कर्ष आधी शोधायचा (तो बहुधा शेवटी किंवा शीर्षकात लपलेला असतो), आणि पहिल्या महिन्यात एकाच कारणाची फांदी, सहा ते आठ चौकटी, एवढ्यावर थांबायचं. दोघांनी वेगवेगळे नकाशे काढून अदलाबदल करायची. तपासायचा क्रम मोडायचा नाही: चौकटीत पूर्ण वाक्य आहे का, निष्कर्ष एकच आहे का, मग ससा, मग हात, आणि आक्षेपांच्या जागा सर्वांत शेवटी. वाक्यंच अर्धवट असताना ससा शोधणं म्हणजे कोंडा कांडणं. नकाशा 25-30 चौकटींच्या वर गेला की पडद्यावर वाचता येत नाही. मोठी फांदी तोडून तिचा वेगळा नकाशा करावा. आठवड्याला दोन नकाशे, बारा आठवडे. याहून कमी केलं तर हाताला वळण लागत नाही.

आता एक तक्रार, तीही तुमच्याविषयी नाही. तुमच्या 2004 च्या निबंधात एका सत्रात सुमारे 0.8 प्रमाणित विचलनाइतकी (प्रमाणित विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) सुधारणा दिली आहे, आणि हा आकडा आता जो तो ‘सॉफ्टवेअर घ्या, मुलं हुशार होतील’ अशा थाटात फिरवतो. त्या विद्यार्थ्यांनी सत्रभर पुष्कळ सराव केला होता, त्यांना चुका दाखवणारं कुणीतरी होतं, आणि चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. सरावाचं महत्त्व तुम्ही स्वतः वारंवार लिहिलं आहे. संगणक कक्षात 40 यंत्रांवर सॉफ्टवेअर चढवून ठेवलं आणि नकाशे तपासायला माणूस नेमला नाही, तर मुलं रंगीत चौकटी करतात आणि ससे टोपीतून निघतच राहतात. एक शिक्षक तासाभरात पाच-सहा नकाशे नीट तपासू शकतो, फार तर आठ. वेळापत्रक आखताना आधी हा हिशेब करावा आणि सॉफ्टवेअरची किंमत नंतर विचारावी.

‘को-प्रिमाइस’ला, म्हणजे त्याच कारणातल्या जोडीच्या आधारविधानाला, आम्ही ‘सहआधार’ म्हणतो. याहून बरा शब्द कुणी सुचवला तर तो घेऊ. ससा आणि हात मात्र तुमचेच ठेवले आहेत. मुलांना ते पहिल्या तासाला कळतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मराठीतून युक्तिवादाचे नकाशे शिकवणारे काही जण