इंटरलिंग्वा म्हटलं की पेआनोचं नाव यायलाच हवं

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कृत्रिम भाषांवरचा लेख आवडला, एस्पेरांतोची माहिती तर छानच होती. पण इंटरलिंग्वाबद्दल ‘१९५१ साली अमेरिकेत तयार झाली’ एवढंच लिहिलंय आणि इटालियन गणितज्ञ ज्युसेप्पे पेआनोचा उल्लेखच नाही, हे मात्र मनापासून खटकलं म्हणून लिहितोय. १९५१ ची इंटरलिंग्वा वेगळी, पण इंटरलिंग्वा हे नाव त्याच्या कितीतरी आधी पेआनोच्या भाषेला वापरलं जात होतं.

बीएस्सीला मॅथ्स घेतलेल्यांना पेआनोचे अ‍ॅक्झिअम्स (१, २, ३ अशा मोजायच्या संख्यांची मूळ गृहीतकं) माहीत असतात, तोच हा तुरिनचा प्रोफेसर. ते अ‍ॅक्झिअम्सही त्याने १८८९ मध्ये लॅटिनमध्येच छापले होते. पण लॅटिन म्हणजे आपल्या संस्कृतसारखीच, विभक्त्या, वचनं, लिंगं, क्रियापदांची ढीगभर रूपं, एवढं पाठ करायला कोणाला वेळ आहे? मग १९०३ मध्ये त्याने एक लेख लिहिला आणि त्यात जे केलं ते वाचून मी अक्षरशः थक्क झालो. सुरुवात अगदी शुद्ध लॅटिनमध्ये, मग जर्मन तत्त्वज्ञ-गणितज्ञ लाइब्निझचा दाखला देत तो म्हणतो की शब्दयोगी अव्ययं असताना विभक्तीची गरज काय, आणि तिथून पुढे विभक्ती सोडूनच देतो, मग लिंग, मग क्रियापदाची रूपं, असं एकेक गळत जातं आणि लेख संपेपर्यंत नवी भाषा तयार! नियम वेगळे शिकवावेच लागत नाहीत, वाचतावाचता कळतात. पेत्रोचं पुस्तक म्हणजे ‘लिब्रो दे पेत्रो’, मी वाचतो म्हणजे ‘मे लेगे’, काल वाचलं असेल तर पुढे ‘हेरी’ लावा, झालं. नाम बहुतेक वेळा पंचमीच्या रूपात, तेच एक रूप सगळीकडे.

आणि नुसतं लिहून तो थांबला नाही. त्याच्या गणिताच्या मोठ्या ग्रंथाची, फॉर्म्युलारिओची, आधीची आवृत्ती फ्रेंचमध्ये होती, शेवटची पाचवी (१९०५ ते १९०८) त्याने या भाषेत काढली. फ्रेंच सोडल्यामुळे वाचक कमी झाले तरी मागे हटला नाही. १९०८ मध्ये वोलाप्युक या एस्पेरांतोच्याही आधीच्या कृत्रिम भाषेवाल्यांच्या जुन्या अकादमीचा तो प्रमुख झाला, आणि १९२४ ला टोरांटोच्या जागतिक गणित परिषदेतही याच भाषेत पेपर दिला. १९३२ मध्ये तो गेला आणि मग दुसऱ्या महायुद्धापर्यंत चळवळही विरली.

आता कोणी म्हणेल की ही भाषा युरोपातल्यांनाच सोपी, आपल्याला कुठे लॅटिन शब्द माहीत असतात. बरोबर आहे, ती तिची खरी मर्यादा होती. पण एखादा शास्त्रज्ञ फ्रेंच किंवा इटालियन जाणत असेल तर त्याला क्लास न लावता पहिल्याच दिवशी पान वाचता यावं हा विचार मला आजही एस्पेरांतोपेक्षा जास्त पटतो, कारण तिथे निदान व्याकरण तरी आधी शिकावंच लागतं.

२२ डिसेंबरला गणित दिवस असतो. त्या दिवशी पेआनोच्या १९०३ च्या लेखावर सविस्तर काहीतरी छापा, जमलं तर त्यातला उतारा मूळ रूपात देवनागरीत द्या आणि शेजारी मराठी अर्थ. आठवी-नववीत संस्कृतची रूपं पाठ करणाऱ्या मुलांना ते नक्की वाचावंसं वाटेल.

– एक निवृत्त गणित शिक्षक, सांगली