गॅरेज रॉकची 'एनर्जी' नक्की येते कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाईव्ह शोचं परीक्षण आलं की त्यात 'एनर्जी जबरदस्त होती' हे वाक्य ठरलेलं, आणि बँड गॅरेज रॉकवाला (म्हणजे साधं, कच्चं, दणदणीत रॉक वाजवणारा) असेल तर हमखासच. पुढे काय, तर गायकाने पब्लिकमधे उडी मारली, गिटार आपटली, सगळे घामाघूम. अहो पण उड्या कोणीही मारेल, त्याने गाण्यात जोर येत नाही, मग तो येतो कुठून हे कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र.

माझ्या मते अर्ध्याहून जास्त श्रेय ड्रमरचं. आता मोठ्या शोमधे बऱ्याचदा ड्रमरच्या कानात क्लिक (ठरलेल्या लयीची टिकटिक) वाजत असतो, लाईट, स्क्रीन, आधी रेकॉर्ड केलेले ट्रॅक सगळं त्या क्लिकला बांधलेलं, म्हणजे गाणं काल ज्या स्पीडला वाजलं त्याच स्पीडला आज वाजणार. गॅरेज बँडमधे हा प्रकार सहसा नसतो. ड्रमर तापला की लय हळूच वर सरकते, गिटारवाला तिच्यामागे धावतो, गायकाला श्वास पुरत नाही तरी तो ओरडतोच आणि आता गाडी रुळावरून उतरणार असं वाटत असतानाच सगळे एकदम बरोबर जागी येऊन आदळतात. ही धाकधूक प्रेक्षकाला अंगात जाणवते, त्याला शब्द सापडत नाही मग तो म्हणतो एनर्जी!

व्हाईट स्ट्राइप्स हा अमेरिकन बँड घ्या. दोघंच जण, बास गिटार नाही. ड्रमर मेग व्हाईट साधं वाजवायची म्हणून तिची टिंगल करणारे आजही भेटतात, पण गायक-गिटारवाला जॅक व्हाईट गाण्यांची यादी न ठरवता स्टेजवर जायचा आणि मनात येईल ते सुरू करायचा, ते गाणं ओळखून ठोका धरायचं काम मेगचं, नुसतं त्याच्याकडे बघून. हे साधं आहे का? याच दोघांनी जुलै २००७ मधे कॅनडातल्या सेंट जॉन्सला लोकांना जमवून फक्त एक सूर वाजवला आणि शो संपला असं जाहीर केलं (पूर्ण शो संध्याकाळी झाला, काळजी नको).

उलट, म्हणजे सगळं ठरवून करण्याचं उदाहरण स्वीडनच्या द हाइव्ह्ज बँडचं. काळेपांढरे सूट घालून तुफान वाजवत असतात आणि गाण्याच्या मधेच सगळे पुतळ्यासारखे थिजतात, हात हवेत, आवाज बंद, पब्लिक वेडं होतं, आणि मग सगळे एका क्षणात परत सुरू. सगळ्यात जास्त आरडाओरडा त्या शांततेत होतो हे कोणी लिहिलंय का? नाहीतर गाण्यांच्या मधलं ट्यूनिंग, पाणी पिणं, उगाच गप्पा यातच कितीतरी बँडची हवा जाते.

दुसरी गोष्ट अॅम्पची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राची. ट्यूबवाला (जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा) अॅम्प पुरता चढवला की हलक्या हाताने वाजवल्यावर बऱ्यापैकी स्वच्छ बोलतो आणि जोरात मारल्यावर फाटतो, म्हणजे हाताचा राग लोभ सगळा बाहेर ऐकू येतो. अॅम्पच्या किती जवळ, कुठे तोंड करून उभं राहायचं त्यावर फीडबॅक (अॅम्पचा आवाज परत गिटारमधे शिरून होणारी ती शिट्टी) ठरतो, त्यामुळे गिटारवाल्याची स्टेजवरची ती पळापळ नेहमीच नाटकी नसते हो.

आणि हे सगळं स्टुडिओत पकडणं अवघड म्हणून तर अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एमसीफाइव्ह बँडचा पहिलाच अल्बम लाईव्ह रेकॉर्ड केला, ३० आणि ३१ ऑक्टोबर १९६८ ला, त्यांच्याच शहरातल्या ग्रँडे बॉलरूममधे. नव्या बँडचा पहिला अल्बम लाईव्ह काढायचा म्हणजे कंपनीने केवढी रिस्क घेतली असेल! ऐकून बघा, चुका आहेत, आवाज फाटलाय, आणि तरी मागचा घोळका आपल्या खोलीत आल्यासारखा वाटतो.

'तरुणाईची ऊर्जा' हा शब्दप्रयोग पण एकदा बंद करा प्लीज. अमेरिकेतल्या टॅकोमाच्या द सॉनिक्स बँडचा पहिला अल्बम १९६५ चा, ते २००७ मधे न्यूयॉर्कच्या केव्हस्टॉम्प महोत्सवात परत आले तेव्हा साठीच्या घरात होते, आणि त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं वाजवत राहिले, २०१५ ला नवा अल्बम काढला तोही मोनोमधे (जुन्या पद्धतीने, सगळा आवाज एकाच ट्रॅकवर). वयाचा संबंध दमाशी असेल, जोराशी नाही.

शेवटचं, आवाज मोठा म्हणजे एनर्जी हा गैरसमज साउंडवाल्यांनाच जास्त आहे. छोट्या हॉलमधे ड्रमचा मूळ आवाजच एवढा असतो की वर पीए (हॉलचे मोठे स्पीकर) नुसता चढवला तर सगळा चिखल होतो, ठोका ऐकूच येत नाही. कानांचं नुकसान वेगळंच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याचं बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल ८ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि असे शो तासभर तरी चालतात. इअरप्लग घातले की मजा जाते असं म्हणणाऱ्यांनी चांगल्यातले घालून बघावेत, उलट ठोका जास्त स्पष्ट येतो. शोची बातमी छापाल तेव्हा खाली इअरप्लगची तेवढी एक ओळ टाकली तर बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक