टॉवर लाइनचं कारण देऊन नाकारलेली टॉर्चची वॉरंटी

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डोक्याला बांधायच्या चार्जिंगच्या टॉर्चची बॅटरी वॉरंटीत बदलून न दिल्याबद्दल तक्रार

महोदय,

आमच्याकडे शेतीपंपाची थ्री फेज लाइट निम्मे दिवस रात्रीच असते. गव्हाची दारं धरायला रात्री अकराला निघतो, पहाटेपर्यंत चिखलात असतो. त्यासाठीच ऑगस्टमध्ये आपला टॉर्च घेतला. सुरुवातीला तो चार तास चालायचा, जानेवारीत पन्नास मिनिटांवर आला. एका रात्री वाफ्याच्या मधोमध विझला. मोबाइलच्या उजेडात पाइपाच्या जोडाशी पाहिलं, तर घोणस वेटोळं घालून बसली होती. पाय तिथून दोन हातांवर होता.

तालुक्याच्या सेवा केंद्रानं टॉर्च चार दिवस ठेवून तसाच परत दिला. जॉबशीटवर शेरा आहे: 'उच्चदाब वाहिनीजवळ वापर, वॉरंटी लागू नाही.' शेतावरून लाइन जाते का, असं त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, एवढाच या शेऱ्याला आधार.

माझा आयटीआय इलेक्ट्रिशियनचा कोर्स झालेला आहे. आमच्या रानावरून 220 केव्हीची लाइन जाते. तिच्याखाली हातात धरलेली ट्यूब मिणमिणते, कुंपणाच्या तारेला हात लावला की मुंग्या येतात, हे मी स्वतः अनुभवलंय. पण कुंपणाची तार शेकडो फूट लांब आणि जमिनीपासून अलग असते. टॉर्च वीतभर. चुंबकीय क्षेत्र अगदी 20 मायक्रोटेस्ला धरलं आणि टॉर्चमधल्या वायरिंगचा वेढा 10 सेंमी बाय 2 सेंमी धरला, तरी 50 हर्ट्झला त्यात साधारण 13 मायक्रोव्होल्ट तयार होतात. सेल 3.7 व्होल्टचा, म्हणजे जवळजवळ तीन लाख पट. शिवाय तो दाब सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होतो. त्यानं लिथियमचा सेल रिकामा होणार नाही की खराबही होणार नाही.

तरीही खात्री करावी म्हणून टॉर्च आठ दिवस बहिणीच्या गावी ठेवला. तिथं जवळपास एकही टॉवर नाही. तिथंही रोज पूर्ण चार्ज करून बावन्न-त्रेपन्न मिनिटंच चालला. माझा मोबाइल मात्र तीन वर्षं याच रानात खिशात आहे, त्याची बॅटरी ठणठणीत आहे.

मूळ दोष मी काउंटरवर सांगितला होता, तो जॉबशीटवर कुठंच नाही. चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासात पिनेजवळचा भाग इतका तापतो की बोट टेकवत नाही. उष्णतेनं लिथियमच्या सेलची क्षमता झपाट्यानं घटते. चार्जिंगचं सर्किट तपासायला हवं होतं, आणि हे फक्त माझ्यापुरतं नाही. हा टॉर्च लोक घरात, अंथरुणाशेजारी चार्जिंगला लावून झोपतात.

वॉरंटी कार्डावर पाणी शिरणं, आपटून फुटणं आणि बाहेर उघडणं, एवढेच अपवाद आहेत. यातलं काहीही झालेलं नाही. झाकणाचे स्क्रू मी हलवलेले नाहीत.

माझी मागणी अशी की, चार्जिंग सर्किट तपासून त्याचा लेखी अहवाल द्यावा, टॉर्च बदलून द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी, आणि जॉबशीटवरचा तो शेरा रद्द करावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करीन. हरभऱ्याचं शेवटचं पाणी अजून बाकी आहे, तेही रात्रीच द्यायचं आहे.

सोबत बिल, वॉरंटी कार्ड आणि जॉबशीटच्या प्रती जोडल्या आहेत.

आपला,
एक शेतकरी ग्राहक